बाँडवरची फारकत आणि कोर्टाचा हुकूमनामा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्या धाराशिव जिल्ह्यात बायकांना फार महाग पडली आहे. विधी सेवा स्वयंसेवक म्हणून कळंब, वाशी, भूमकडच्या बायकांसोबत मी तारखांना जाते. मी वकील नाही. पण वकिलाकडे जाण्याआधी काय माहीत असायला हवं, ते या कामात शिकले.

१. नोटरीपुढची फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे.

पंच बसतात, मुलीच्या बापाच्या हातात काही रक्कम ठेवतात, बाँडवर दोघांच्या सह्या होतात, नोटरीचा शिक्का पडतो आणि गाव म्हणतं, मोकळे झाले. कायद्याने ते नवरा-बायकोच राहतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने. कलम २९ रूढीच्या काडीमोडीला मान देतं, पण आपल्या समाजात ती रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली आहे, हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. पंचांच्या तोंडी शब्दावर ते होत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागतो, म्हणून त्या कागदाला जास्त बळ आलं, असंही नाही.

सगळ्यात वाईट वाटतं ते दुसऱ्या बायकोचं. अशा बाँडच्या भरवशावर तिचं लग्न लावतात. ते लग्न कायद्याने शून्य. तिची मुलं औरस धरली जातात, पण नवरा वारला की तिला स्वतःला वारस म्हणून उभं राहता येत नाही. त्या बाईने कोणाचं काय बिघडवलेलं असतं? म्हणून सोयरीक जुळवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मुलगा घटस्फोटित आहे म्हणाले, तर हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मागा. मुस्लिम बहिणींना १९३९ च्या कायद्याने कोर्टातून फारकत मागता येते, आणि २०१९ पासून एका दमातला तिहेरी तलाक बेकायदा आहे आणि गुन्हाही आहे.

२. नोटीस घ्यायची.

नोटीस घेतली की समोरच्याचं म्हणणं कबूल केलं, असा समज गावोगाव आहे. तसं काही नाही. उलट नाकारली, तर ती बजावली असंच कोर्ट धरतं. आपल्याकडे अडचण मोठी आहे ती ऊसतोडीची. दिवाळीच्या आसपास जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात, घराला कुलूप लागतं, बेलीफ दारावरून परत जातो आणि पुढे केस एकतर्फी चालते. तसा निकाल लागलाच आणि समन्स नीट बजावलेलं नसेल, तर निकाल समजल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो. फडावरून येईपर्यंत थांबू नका, गावातल्या माणसाकरवी वकिलाला कळवा.

३. केस माहेराजवळ लावता येते.

२००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी स्वतः राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. नवरा पुण्याला कंपनीत आहे म्हणून पुण्याला खेटे घालायची गरज नाही. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे हे काम दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतं. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी तिचं उत्पन्न बघत नाहीत. फोन १५१००. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या कामात स्त्रियांना कोर्ट फीदेखील माफ आहे.

४. पोटगीसाठी घटस्फोटाची वाट बघू नका.

हा अर्ज वेगळा. पूर्वीचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरच्या प्रकरणात दोन गोष्टी पक्क्या केल्या: पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोघांनीही मालमत्ता नि देण्यांचं शपथपत्र द्यायचं. म्हणजे अर्जाला जेवढा उशीर, तेवढे महिने बुडाले.

शेतकरी नवरा हटकून सांगतो, माझ्या नावावर काही नाही. तेव्हा सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढा. भांडण सुरू झाल्यावर भावाच्या नावे हक्कसोड केलेली असेल, तर फेरफाराच्या तारखेवरून कळतं. कारखान्याचं ऊसबिल, आडतीची सोयाबीनची पट्टी, ट्रॅक्टरचं कर्ज, जे मिळेल ते जमवा. वाशीकडच्या एका ताईने लग्नाच्या आहेराच्या वहीपासून सगळं पिशवीत भरून आणलं होतं. वकिलाला त्यातलं बरंच उपयोगी पडलं.

पोटगी मंजूर होऊन नवऱ्याने थकवली, तर वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. भोळ्या बायका ‘देईल पुढच्या सुगीला’ म्हणून थांबतात आणि या कलमाखालची जुनी वसुली हातची जाते.

५. संमतीच्या घटस्फोटात पैसे कोर्टासमोर घ्या.

त्यासाठी आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं, मग दुसरा जबाब. वेगळं राहून दीड वर्ष उलटलं असेल आणि देणंघेणं, मुलांचा ताबा सगळं मिटलं असेल, तर २०१७ च्या निकालामुळे हे सहा महिने माफ होऊ शकतात. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती काढून घेऊ शकतो, हे ध्यानात ठेवा. म्हणून सगळी रक्कम शेवटच्या तारखेला, न्यायाधीशांसमोर, डीडीने. ‘नंतर देतो’ हे तडजोडपत्रात असूच नये. स्त्रीधनाची यादी मात्र असावी, दागिन्यांच्या वजनासकट. आणि मुलांची पोटगी सोडून देऊ नका. तो मुलांचा हक्क आहे, आईला तो सोडता येत नाही.

६. केसचा सीएनआर नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. ई-कोर्ट्सच्या अॅपवर पुढची तारीख दिसते, कुणाला विचारत बसावं लागत नाही. लढवलेल्या केसचा हुकूमनामा झाला, तरी अपिलाची ९० दिवसांची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची तारीख धरू नका. अपील झालं, तर त्याचा निकाल लागेपर्यंत.