आजीचा रेडिओ आणि काकांचा कॉम्प्युटर



रेडिओ बंद पडला की आपण त्याला वरून थापटी मारतो. मीसुद्धा मारली होती. पण आमच्या आजीचा रेडिओ काही बोलेना. आजीला डोळ्याने कमी दिसते, त्यामुळे टीव्ही तिच्या उपयोगाचा नाही. तिला दिवसभर रेडिओच लागतो. बाजारातला दुकानदार म्हणाला, “हा फेकून द्या, नवीन घ्या.” आजी त्या दिवशी नीट जेवली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी बोरिवलीला काकांकडे गेलो. रेडिओ पिशवीत घालून नेला. काका अंधेरीला कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतात. ते म्हणाले, “अरे, आधी सोपे बघायचे, मग अवघड.” त्यांनी पहिल्यांदा सेलचे झाकण काढले. आत स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखे झाले होते. ती बुरशी नव्हे. साध्या सेलचे डबडे जस्ताचे असते. सेल संपत जातो तसे जस्त झिजते, शेवटी भोक पडून आतले पाणी बाहेर येते आणि वाळते. मग स्प्रिंगमधून वीज जात नाही. काकांनी ते कोरड्या फडक्याने पुसले आणि पॉलिश पेपरने स्प्रिंग चकचकीत होईपर्यंत घासली. नंतर साबणाने हात धुवायला लावले. नवे सेल घातले आणि रेडिओ लागला! मी उडीच मारली.

सेलची सपाट बाजू स्प्रिंगकडे ठेवावी. सेल मोठा असो की बारीक, तो दीड व्होल्टचाच असतो, मोठा फक्त जास्त दिवस टिकतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, कारण जुना आधी संपतो आणि गळतो. रेडिओ बरेच दिवस लावायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत.

आवाजाचे बटण फिरवताना खरखर येत असेल तर रेडिओ बंद करून ते पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवावे. आतली धूळ सरते.

आता गंमत ऐका. रेडिओच्या आत एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. मिडियम वेव्हचे स्टेशन ती पकडते. कांडीचे टोक स्टेशनकडे झाले की आवाज बारीक होतो, कांडी आडवी झाली की मोठा होतो. म्हणून रेडिओच हळूहळू फिरवून बघावा. एफएमला मात्र वरची एरियल लांब करावी लागते. मोबाईलचा चार्जर जवळ असला तरी खरखर येते. मी करून बघितले.

काकांनी मला गोराई रोडवरचे विविध भारतीचे केंद्र बाहेरून दाखवले. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली. आजी म्हणते, “ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली.”

एके दिवशी काका कामावर गेल्यावर घरचा कॉम्प्युटर लागेना. ताई रडकुंडीला आली, तिला अभ्यास काढायचा होता. मी आधी सोपे बघितले. भिंतीवरचे बटण चालू, वायर घट्ट, पण पडद्याचे बटण बंद होते! कॉम्प्युटर अडकला तर तो बंद करून थोडे थांबून परत लावावा. पिन बोर्डात असताना कशाचेही झाकण उघडू नये, शॉक बसतो. इअरफोन एकाच कानात वाजत असेल तर पिनजवळ वायर हलवून बघावी, बहुतेक तिथेच आतून तुटलेली असते.

एक गोष्ट सांगायची राहिली. क्रिकेट ऐकताना मीच रेडिओतला चांगला सेल काढून बॅटरीत घातला होता आणि घड्याळातला संपलेला सेल रेडिओत टाकला होता. आजीला अजून सांगितलेले नाही. ती पालकांबरोबर येणार आहे, आई तिला हे वाचून दाखवील.