मिओंगडोंग कॅथेड्रलचे उघडे दार



१९८७ साली दक्षिण कोरियात चुन डू-ह्वान यांची लष्करी राजवट होती. राष्ट्राध्यक्ष जनता निवडत नसे, ठरावीक प्रतिनिधींचे मंडळ निवडत असे. 'आमचा राष्ट्राध्यक्ष आम्हांला निवडू द्या,' ही विद्यार्थ्यांची मुख्य मागणी होती.

जानेवारीत पार्क जोंग-चुल हा विद्यार्थी पोलिसांच्या छळाने मरण पावला. 'टेबलावर हात आपटला आणि तो कोसळला,' असे पोलिसांनी सांगितले. १८ मे रोजी सोल शहरातील मिओंगडोंग कॅथेड्रलमध्ये फादर किम सुंग-हून यांनी धर्मगुरूंच्या संघटनेचे निवेदन वाचले. काही गुन्हेगारांना पाठीशी घातले जात आहे, हे त्यातून उघड झाले. देश हादरला.

१० जूनला देशभर मोर्चे निघाले. अश्रुधुराच्या माऱ्यातून वाट काढत शेकडो निदर्शक कॅथेड्रलच्या आवारात शिरले. पोलिसांनी वेढा दिला. त्यांना बाहेर काढण्यासाठी सरकारने दबाव आणला. कार्डिनल स्टीफन किम यांचे उत्तर स्पष्ट होते: पोलीस आत आले तर आधी मी समोर असेन, माझ्यामागे धर्मगुरू, त्यांच्यामागे धर्मभगिनी आणि सर्वांत मागे विद्यार्थी. पोलीस आत आले नाहीत. शेजारच्या शाळेतील मुलींनी आपले जेवणाचे डबे आत पाठवले. १५ जूनला निदर्शक आपसांत मतदान घेऊन सुखरूप बाहेर पडले.

सर्वच मोर्चे शांततेत पार पडले नाहीत. काही ठिकाणी दगड आणि पेट्रोल बॉम्बही फेकले गेले. तरी सामान्य नोकरदार विद्यार्थ्यांबरोबर उभे राहिले. २९ जूनला सत्ताधाऱ्यांनी थेट निवडणूक मान्य केली. डिसेंबरमध्ये लोकांनी मतदान केले. विरोधकांत फूट पडल्याने सत्ताधारी पक्षाचे रो ते-वू जिंकले. मतांचा हक्क मिळाला, पण एकी टिकली नाही. मात्र तो हक्क पुढे कायम राहिला.

उत्तम मेंढपाळाचे शुभवर्तमान आपण दरवर्षी ऐकतो. मेंढपाळाची जागा कळपाच्या मागे नसते, दारात असते. कार्डिनल किम यांनी विद्यार्थ्यांच्या हाती शस्त्र दिले नाही. ते फक्त दारात उभे राहिले.

चिंतनासाठी :
१. खरे बोलणे धोक्याचे असते तेव्हा मी काय करतो?
२. आपल्या तरुणांच्या न्याय्य मागणीमागे आपण वडीलधारी उभे राहतो का, की त्यांना फक्त गप्प बसवतो?
३. मतदानाच्या दिवशी मी घरीच राहतो का?