डब्याचे दूध आणि डॉक्टरांचे शिक्षण

'बाळंतिणीला दूध कमी आहे, डबा सुरू करा,' असा सल्ला एरंडोलसारख्या गावातही ऐकू येतो. काही आजारांत डबा लागतोही. पण सल्ला शास्त्रातून आला की कंपनीच्या प्रचारातून, हे पाहायला हवे.

बालआहार बनविणाऱ्या कंपन्या डॉक्टरांच्या परिषदांना व अभ्यासक्रमांना पैसा पुरवीत. शिकवणीचा खर्च विक्रेत्याने केला, की शिकवणीत त्याचा माल शिरतो. म्हणून जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये आचारसंहिता मंजूर केली. भारताने १९९२ मध्ये कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला. २००३ मधील दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डबाबंद आहाराची जाहिरात, तसेच डॉक्टरांच्या परिषदा, अभ्यासक्रम व संशोधनाला या कंपन्यांनी पैसा देणे, यांवर बंदी आली.

बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. बाटलीने पोट भरले की बाळ कमी ओढते आणि दूध खरोखरच आटते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवस-रात्रीत सहा वेळा लघवी करीत असेल व वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे समजावे.

जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर पाजावे. सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी, मध, बाळगुटी नको. पुढे मुगाची मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, आपल्या जळगावचे केळे द्यावे. अंगावरचे दूध दोन वर्षे चालू ठेवावे.

डबा लिहून दिला, तर 'कारण काय?' असे डॉक्टरांना नि:संकोच विचारावे. तो आईचा हक्कच आहे.