कुलूपबंद फोन आणि कायद्याची किल्ली

वसतिगृहात प्रत्येक मुलाची पत्र्याची पेटी असते आणि तिची किल्ली त्याच्याजवळ असते. चोरीचा संशय आल्यास गृहपालांनी त्या मुलासमक्ष त्याची पेटी उघडणे न्याय्य होय. परंतु सर्व पेट्यांना लागणारी एकच किल्ली घडवून ठेवणे न्याय्य होईल काय? सांकेतिक कुलपाने बंद असलेले फोन उघडण्यास कंपन्यांनी पोलिसांना मदत करावी की नाही, या वादाचे मर्म हेच आहे.

२ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील सॅन बर्नार्डिनो येथे १४ जणांची हत्या झाली. हल्लेखोराचा आयफोन उघडण्यासाठी ॲपलने विशेष सॉफ्टवेअर तयार करावे, असा आदेश न्यायालयाने दिला. अशी किल्ली इतर फोननाही धोकादायक ठरेल, म्हणून कंपनीने नकार दिला. अखेर एफबीआयने अन्य मार्गाने फोन उघडला व मार्च २०१६ मध्ये अर्ज मागे घेतला.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार शासन सांकेतिक मजकूर उलगडून मागू शकते. सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हा आदेश मात्र सामान्यतः न्यायाधीश नव्हे, तर गृहसचिव देतात.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपल्या समाजाला जवळच्या आहेत. २००६ च्या खैरलांजी हत्याकांडानंतर तपासातील हलगर्जीपणाविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो. पुरावा हाती येणे ही पीडिताची गरज आहे. दुसरीकडे, एल्गार परिषद खटल्यातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली घुसविल्या गेल्याचा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये मांडला; नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही तसेच म्हटले. तपास यंत्रणेने हे मान्य केलेले नाही. तथापि एक गोष्ट स्पष्ट होते : ज्या दारातून पुरावा बाहेर काढता येतो, त्याच दारातून तो आत ठेवताही येऊ शकतो. कुलूप कमकुवत केल्यास खरा पुरावाही संशयास्पद ठरेल.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. म्हणून कंपनीने स्वतःजवळची माहिती न्यायालयाच्या लेखी आदेशाने, विशिष्ट गुन्ह्यापुरती अवश्य द्यावी; सर्वांची कुलुपे उघडणारी किल्ली मात्र घडवू नये.

न दिलेले न घेणे हे पंचशीलातील दुसरे शील होय. राज्याला घेणे भाग पडलेच, तर ते संविधानाच्या साक्षीने आणि मोजून घ्यावे. आपले माजी विद्यार्थी पोलीस, वकील वा संगणक अभियंता होतील, तेव्हा त्यांनी ही मर्यादा सांभाळावी.