शील आणि झुंज

जीवहिंसेपासून दूर राहण्याचे शील घेतलेल्या आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतील घरांनी मुलीला ज्यूदो शिकवावा काय? विचार करा.

जपानमधील शिक्षक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्यूदोची शाळा काढली. ‘दो’ म्हणजे मार्ग. तेथे आधी इजा न होता पडायला शिकवतात, मग पाडायला. झुंजीच्या आधी व नंतर समोरच्याला वाकून वंदन करतात. शक्तीचा सदुपयोग आणि दोघांचेही कल्याण, ही कानोंची शिकवण.

आपल्याकडे मांग समाजातील लहुजी वस्ताद साळवे यांच्या हाताखाली जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. त्याच जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली.

मुलीला अवश्य पाठवा. परतल्यावर ‘कोणाला पाडलेस?’ असे विचारू नका. ‘राग कसा आवरलास?’ असे विचारा.