भूकंपोत्तर भय : निदान व चिकित्सा

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसरातील कुटुंबे रात्री घराबाहेर झोपू लागली. भयाने वात प्रकुपित होऊन निद्रानाश, हृद्द्रव, अतिसार संभवतात. धक्के चालू असता सावध राहणे हा विकार नव्हे. मात्र युद्धावरून परतलेल्या सैनिकांप्रमाणे प्रसंगाची पुनःपुन्हा स्मृती, दुःस्वप्ने, दचकणे व घरात शिरणे टाळणे महिन्याहून अधिक टिकल्यास आघातोत्तर तणावविकाराचा संशय घ्यावा.

आघातकेंद्रित मानसोपचार हा मुख्य उपचार. आश्वासनरूप सत्त्वावजय व शिरोभ्यंग साहाय्यक होत. निद्रेसाठी सर्पगंधा देऊ नये. तीतील रेसर्पिनमुळे अवसाद वाढू शकतो. औषधविक्रेत्यांनीही ती चिठ्ठीविना देऊ नये. आत्मघाताचे विचार आढळल्यास रुग्णास तत्काळ मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.