भरतीची धाव आणि बलार्ध : व्यवसाय बदलू पाहणाऱ्या उमेदवाराचा व्यायामविचार

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की शिरूर तालुक्यातील निमोणे व आसपासच्या गावांतील तरुण पहाटे रस्त्याच्या कडेने धावताना दिसू लागतात. यांतील पुष्कळ जण केवळ विद्यार्थी नसतात. कोणी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार असतो, कोणी शेती सांभाळून टेम्पो चालवितो. हातचे काम सोडवत नाही आणि नवे अद्याप मिळालेले नाही, अशा संधिकाळात त्यांची धाव चाललेली असते. खुल्या प्रवर्गासाठी शिपाईपदाची वयोमर्यादा २८ वर्षांची असल्याने अनेकांची ती अखेरची संधी असते. अशा उमेदवाराने आपल्या चिकित्सालयात येऊन ‘ताकदीचे औषध द्या’ असे म्हटल्यावर काय करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम आमची चूक नमूद करतो. सत्तावीस वर्षांचा एक कंत्राटी कामगार वैशाखात आमच्याकडे आला. तक्रार नडगीच्या दुखण्याची व लवकर दम लागण्याची होती. प्रकृती वातपित्तप्रधान, शरीर कृश. आम्ही बल्य म्हणून अश्वगंधा चूर्ण दुधातून दिले व व्यायाम चालू ठेवण्यास सांगितले. आठ दिवसांनी तो परत आला, तेव्हा घोळणा फुटत होता, तहान शमत नव्हती, कोरडा खोकला लागला होता. तृष्णा, रक्तपित्त व कास ही अतिव्यायामाची लक्षणे चरक व वाग्भट या दोघांनीही सांगितली आहेत. ती पाठ असूनही आम्ही दिनचर्या विचारली नव्हती. विचारल्यावर कळले, की रात्रपाळी सकाळी सात वाजता सुटे, तेथून तो थेट मैदानावर जाई, धावून झाल्यावर चहा व वडापाव घेई आणि दुपारी लेखी परीक्षेचा अभ्यास करी. झोप जेमतेम चार तास. ग्रीष्म ऋतू, जागरण व अशा श्रमांत आम्ही उष्णवीर्य द्रव्याची भर घातली होती.

अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात व्यायाम, जागरण व मार्गक्रमण यांचा उल्लेख एकत्र आला आहे, आणि त्यांचा अतिरेक करणाऱ्यास हत्तीला ओढणाऱ्या सिंहाचा दृष्टांत दिला आहे. चरकाने तर भार व प्रवास यांनी कृश झालेल्यांनी, तसेच भय, शोक, क्रोध यांनी ग्रासलेल्यांनी व्यायाम वर्ज्य करावा असे सांगितले आहे. नोकरीची चिंता हा याच यादीतील विषय होय. सारांश, अशा रुग्णाचे बल मोजताना मैदानावरील फेऱ्या तेवढ्या मोजून चालत नाही. पाळी, प्रवास व चिंता वजा जाता उरलेल्या बलाचे अर्ध मोजावे लागते.

येथे एक प्रामाणिक अडचण आहे. ललाट, नासिका, कक्षा येथे स्वेद येणे, मुखशोष होणे व श्वास मुखाने चालू लागणे ही बलार्धाची लक्षणे. परंतु मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण १६०० मीटर धावण्याला असून पूर्ण गुणांसाठी हे अंतर सव्वापाच मिनिटांच्या आत कापावे लागते. बलार्धात राहून ते कोणालाच शक्य नाही. आमचे मत असे, की बलार्ध ही मर्यादा रोजच्या सरावाची आहे. बल वाढले की त्याचे अर्धही वाढते. पूर्ण वेगाची चाचणी पंधरवड्यातून एकदा, जीर्णाहार व पुरेशी निद्रा असतानाच करावी. वाग्भटाने अर्धशक्ती व्यायामासही शीतकाल व वसंत हेच ऋतू सांगितले, अन्य काळी त्याहून अल्प. भरतीचे वेळापत्रक मात्र ऋतू पाहत नाही. २०२४ ची भरती जूनमध्ये सुरू झाली. २०२३ व २०२४ च्या भरतींत धावताना कोसळून उमेदवार मृत्यू पावल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. धावताना छातीत दुखणे, मूर्च्छा किंवा कुटुंबात अल्पवयात आकस्मिक मृत्यू असा इतिहास मिळाल्यास हृदयतपासणीसाठी पाठवावे. तोवर सराव बंद ठेवावा.

आमच्या रुग्णास आम्ही अश्वगंधा थांबवून वासास्वरस, मनुका, साळीच्या लाह्यांचे पाणी व जेवणात गाईचे तूप दिले. धावणे दहा दिवस बंद. पुढे व्यायाम वाढविताना चरकाच्या त्याच ‘नवेगान्धारणीय’ अध्यायात व्यायामविचारानंतर लगेच येणारा पादांशिक क्रम वापरला. अहित सोडणे व हित स्वीकारणे दोन्ही चतुर्थांशाने, मध्ये क्रमाने वाढते अंतर ठेवून. वडापाव व रिकाम्या पोटी चहा एकदम तोडला नाही. धावण्याच्या फेऱ्याही याच मापाने वाढविल्या. रात्रपाळीच्या दिवशी धावणे नाही, तर जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी अभुक्त अवस्थेत झोप, या वाग्भटाच्या सूचनेचा उपयोग अपेक्षेहून अधिक झाला. नडगीसाठी स्नेहाभ्यंग केला व डांबरी रस्ता सोडून मातीवर धावण्यास सांगितले. तो मैदानी चाचणी उत्तीर्ण झाला, लेखी परीक्षेत मात्र मागे पडला.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी एक वेगळी विनंती. उमेदवार एकमेकांच्या सांगण्यावरून विषतिंदुक वटी किंवा अग्नितुंडी वटी मागतात. दोन्हींत कुचला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टात तो विषद्रव्य म्हणून नोंदला असून अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत ही सूचना वेष्टनावर आवश्यक असते. कुचल्यातील स्ट्रिकनीन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीतही आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन विजेत्या थॉमस हिक्सला धावता धावता स्ट्रिकनीन व ब्रँडी पाजली होती. तो जिंकला, पण शेवटी त्याला उभे राहवेना. सोमलतेचे कल्पही त्यातील एफेड्रिनमुळे याच सावधगिरीचे. चिठ्ठीशिवाय ही औषधे मागणाऱ्यास ती न देता जवळच्या वैद्याकडे पाठवावे, आणि घटक न छापलेली, ‘आठ दिवसांत वजन’ सांगणारी चूर्णे दुकानात ठेवूच नयेत. त्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत, आणि त्याचा दोष शेवटी आयुर्वेदाच्या माथी येतो.